सहा जणी वाद्ये वाजवतात, तेव्हा भाकरी कोण थापते?



परीक्षा संपल्या, निकाल लागले आणि गल्लीत पोरांचा गलका सुरू झाला. उन्हाळ्याच्या सुटीत ज्यांच्या हाती पैसा आहे ते महाबळेश्वरला जातात, गोव्याला जातात. ज्यांचे गावी घर आहे ते गावी जातात. ज्यांचे यांपैकी काहीच नाही, त्यांची पोरे दुपारभर पत्र्याखाली घाम पुसत बसतात, नाहीतर मोबाईलमध्ये डोळे घालतात. शाळा उघडली की गुरुजी निबंध सांगतात, 'मी सुटीत काय पाहिले'. मग आपली पोरे दुसऱ्याचे बघून लिहितात.

आपल्या समाजात सहलीचा विषय काढला की पहिले उत्तर ठरलेले असते. 'आपल्याला कुठले परवडते?' हे उत्तर खोटे नाही. हातावर पोट असलेल्याचा एक दिवस बुडाला तर त्या दिवसाची चूल अडते. पण आमच्या शहराची गंमत अशी की, जगभरातले लोक विमानाने जे पाहायला येतात ते आपल्या उंबऱ्यापासून एका बसच्या अंतरावर आहे. आम्ही शहागंजात राहतो. मंडईचा गोंगाट, कापडाची दुकाने, घड्याळाचा मनोरा आणि हातगाड्यांची गर्दी यांतच आमचा दिवस उगवतो आणि मावळतो. मुलांच्या आईला या घरात येऊन सोळा वर्षे झाली. या सोळा वर्षांत तिने वेरूळ पाहिले नव्हते, अजिंठा पाहिला नव्हता, इतकेच काय, शहराच्या डोक्यावर असलेली बुद्ध लेणीही पाहिली नव्हती. आमच्या नात्यात, ओळखीत चौकशी केली तर निम्म्याहून अधिक घरांतल्या बायांची हीच कथा निघाली. पुरुष मंडळी मित्रांबरोबर कधीतरी जाऊन आलेली, पोरे शाळेच्या सहलीत गेलेली, आणि बाई मात्र डबे बांधून दारात उभी राहिलेली.

यंदा घरात ठरले की चार रविवार बाहेर पडायचे. मुलांच्या आईने आधीच सांगून टाकले, "अहो, सहल म्हणजे मला दुसऱ्या जागी नेऊन स्वयंपाक करायला लावणार असाल तर मी घरीच बरी." यावर आजींनी निकाल दिला. "त्या दिवशी सूनबाईचे हात रिकामे राहतील. भाकरी मी थापीन, पाणी पोरे भरतील, पिशव्या तुम्ही उचला." सासूने सुनेसाठी असा निकाल दिला म्हणजे तो मोडण्याची कोणाची छाती?

आता हिशेबाचे बोलू. आम्ही माणसे पाच. मार्च २०२३ पासून एस.टी.त सर्व महिलांना अर्धे तिकीट आहे. आजी सत्तरीच्या, त्यांनाही अर्धेच. आमची थोरली चौदा वर्षांची, तिला महिला म्हणून अर्धे. धाकटा नऊ वर्षांचा, त्याला मुलाचे अर्धे. म्हणजे पाच माणसे तीन तिकिटांत बसली. घरात पंचाहत्तरी ओलांडलेले कोणी असेल तर ऑगस्ट २०२२ पासून त्यांना प्रवास मोफत आहे, फक्त आधार कार्ड जवळ हवे. लेण्यांवर पुरातत्त्व खात्याचे तिकीट असते, पण पंधरा वर्षांखालील मुलांना ते लागत नाही. तिथेही आमची तीनच तिकिटे. जानेवारीपासून एका डब्यात रोज दहा-वीस रुपये टाकले होते, त्यातच सारे निभावले. उसने काढून सहल करू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. पण डब्यात साठवून जरूर करावी.

पहिला रविवार बुद्ध लेणीचा. पुस्तकांत तिला औरंगाबाद लेणी म्हणतात. बीबी का मकबऱ्याच्या पुढे दोनेक किलोमीटरवर डोंगराच्या कुशीत ही लेणी आहेत. आम्ही तांबडे फुटताच निघालो, कारण मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि दहानंतर तो दगड तव्यासारखा तापतो. पायऱ्या चढताना आजींनी तीनदा टेकून विश्रांती घेतली. पण वर पोहोचल्यावर खाली पसरलेले शहर, मकबऱ्याचा पांढरा घुमट आणि सकाळचा वारा यांनी त्यांच्या गुडघ्यांची तक्रार मिटवली.

लेणी एकूण बारा. पश्चिमेकडच्या गटात पहिली पाच, तिथून सुमारे एक किलोमीटरवर पूर्वेकडचा गट. चौथे लेणे चैत्यगृह आहे आणि ते सर्वांत जुने. बाकीची बहुतेक सहाव्या-सातव्या शतकातली. तिसऱ्या लेण्याच्या गाभाऱ्यात तथागत पाय खाली सोडून बसलेले आहेत आणि त्यांच्या समोर दोन्ही बाजूंना स्त्री-पुरुष गुडघे टेकून हात जोडून बसले आहेत. ते देव नाहीत, राक्षस नाहीत, साधी माणसे आहेत. कोणाच्या हातात हार, कोणाच्या केसांची वेगळीच बांधणी. धाकटा म्हणाला, "हे तर आपल्या विहारात बसतात तसेच बसलेत!" चौदाशे वर्षांपूर्वीच्या माणसांत पोराला आपली माणसे दिसली, याहून इतिहासाचा चांगला तास कोणता?

सातव्या लेण्याबाहेर अवलोकितेश्वराची मोठी मूर्ती आहे. तिच्या दोन्ही बाजूंना माणसावर येणारी संकटे कोरली आहेत. आग, दरोडेखोर, बुडते जहाज, सिंह, साप, हत्ती. त्या काळी प्रवास म्हणजे जिवावरचा खेळ होता आणि व्यापाऱ्यांचे तांडे याच वाटांनी जात. वाटसरूची भीती कोणीतरी दगडात लिहून ठेवली आहे. आणि आत गाभाऱ्याच्या भिंतीवर पाहावे तर नाच चालला आहे! मधोमध नर्तकी, तिच्या भोवती सहा जणी वाद्ये वाजवणाऱ्या. बासरी आहे, तालवाद्ये आहेत. सगळ्या बाया. बाहेर भय आणि आत संगीत. थोरलीने बोटावर मोजून सहाचा आकडा पक्का केला. मुलांची आई बराच वेळ तिथेच उभी होती. मग हळूच म्हणाली, "ह्या सहा जणी इथे वाजवत बसल्या, तर ह्यांच्या घरी भाकरी कोण थापत असेल?"

आम्ही सारे हसलो. पण हा प्रश्न पुढचे तीनही रविवार आमच्या बरोबर चालला.

याचे कारण असे. डोंगरातले संगीत आमच्या घराला नवे नाही. वेरूळ-अजिंठा महोत्सव पूर्वी वेरूळला कैलास लेण्यापुढे भरत असे. पुढे तो शहरात सोनेरी महालाच्या आवारात आला. बुंदेलखंडातून आलेल्या सरदाराने सतराव्या शतकात बांधलेला हा महाल बुद्ध लेणीच्याच डोंगराच्या पायथ्याशी, विद्यापीठाच्या परिसरालगत उभा आहे. काही वर्षांच्या खंडानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये महोत्सव पुन्हा भरला, तेव्हा आम्ही पोरांना आणि आजींना घेऊन गेलो होतो. मागे बसलो, पण सतार-तबला ऐकायला पुढची खुर्ची लागत नाही. उजळलेला महाल, त्यामागे काळा डोंगर आणि थंडीत घुमणारे सूर यांनी धाकटा तर मांडीवरच झोपी गेला. मुलांची आई त्या रात्री आली नव्हती. लग्नसराईची शिलाई हातात होती, सकाळी ब्लाउज द्यायचे होते. घरात कोणी तिला अडवले नाही आणि कोणी तिचे काम वाटूनही घेतले नाही. बाईचे राहून जाते ते असे, कोणी 'नको' न म्हणता.

त्या रात्री परतताना आजींनी जलशाच्या गोष्टी सांगितल्या होत्या. त्यांच्या लहानपणी महोत्सव म्हणजे वस्तीतला ओटा, एक कंदील, ढोलकी आणि कानावर हात ठेवून गाणारा शाहीर. शाळा म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नव्हते त्यांना बाबासाहेबांचा विचार गाण्यातून कळला. भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादा कर्डकांची गाणी, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे ही आपली मोठी परंपरा आहे. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेले वामनदादा गावोगाव गात फिरले आणि १५ मे २००४ रोजी गेले. त्यांचा स्मृतिदिन ऐन सुटीत येतो. पोरांना मोबाईलवर गाणी वाजवायची हौस असतेच. त्या दिवशी त्यांना वामनदादा कोण होते हे सांगून मग गाणे लावून द्यावे.

दुसरा रविवार वेरूळचा. शहरापासून सुमारे तीस किलोमीटर, एस.टी. भरपूर. मंगळवारी वेरूळ बंद असते, हे लक्षात ठेवावे. तिथे चौतीस लेणी आहेत आणि पहिली बारा बौद्ध आहेत. बरेच लोक कैलास पाहून परत फिरतात. आपण पहिल्या क्रमांकापासून सुरुवात करावी. दहावे लेणे चैत्यगृह आहे, लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात. छताला लाकडी वाशांसारखे वासे आहेत, पण सगळे दगडाचेच. समोर स्तूप आणि स्तूपाला टेकून बसलेले तथागत. इथे आवाज घुमतो. म्हणून येणारे-जाणारे टाळ्या वाजवतात, आरोळ्या ठोकतात. आजींनी मात्र खाली बसून अगदी हळू आवाजात त्रिसरण म्हटले. तो एकटा म्हातारा आवाज छताला लागून परत आला तेव्हा दहा जणांनी म्हटल्यासारखा झाला. आरोळी ठोकणारी कॉलेजची पोरेही गप्प उभी राहिली.

येताना दौलताबादला उतरलो. इथे थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण ही जागा नुसत्या किल्ल्याची नाही.

१९३४ साली बाबासाहेब आपल्या तीसेक सहकाऱ्यांबरोबर वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. ती सहलच होती. तेव्हा हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. वाटेत ही मंडळी दौलताबादचा किल्ला पाहायला थांबली. प्रवासाच्या धुळीने सगळे माखलेले. दरवाजाबाहेर पाण्याने भरलेला हौद होता. काही जणांनी त्या पाण्याने हात-पाय, तोंड धुतले. एवढ्यावरून मागून एक वृद्ध ओरडत आला की यांनी हौद बाटवला. गर्दी जमली, शिवीगाळ झाली, प्रकरण हातघाईवर येण्याची वेळ आली. शेवटी किल्ला पाहू दिला, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि त्यासाठी एक हत्यारबंद शिपाई बरोबर दिला. परदेशातल्या विद्यापीठांच्या पदव्या मिळवलेला, गोलमेज परिषदेत बसलेला माणूस, आणि त्याच्या सहलीवर पाण्याचा पहारा! ही हकिकत बाबासाहेबांनीच लिहून ठेवली आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ती १९९० साली प्रसिद्ध केली. अस्पृश्यतेचा रोग एकाच धर्मापुरता राहिला नव्हता, तो सगळीकडे पसरला होता, हे त्यांना दाखवायचे होते.

आम्ही ही गोष्ट पोरांना किल्ल्याच्या सावलीत बसून सांगितली. धाकट्याने विचारले, "मग ते तहानलेलेच राहिले?" थोरली काही बोलली नाही. तिने थर्मास उघडून पेला भरला आणि आधी आजींना दिला. हा मोठा थर्मास आमच्या समोरच्या खालांचा. सहलीचे कळल्यावर त्यांनीच बर्फ घालून आणून दिला होता, "बच्चों को धूप लगेगी" म्हणत. नव्वद वर्षांत काय बदलले आणि काय बदलायचे राहिले, याचे भाषण आम्ही तिथे दिले नाही. पोरे पाणी प्यायली, एवढे पुरे होते. आपल्या पोरांना मनाला येईल तिथे जाता येते, हवे तिथे पाणी पिता येते, हे आपोआप मिळालेले नाही. म्हणून सहलीला चैन म्हणू नये. आपल्या आधीच्यांना जी मोकळीक नाकारली गेली, तिचा तो रीतसर वापर आहे.

तिसरा रविवार पैसे आणि पाय दोन्ही वाचवणारा होता. पोरांना घेऊन नागसेनवनात गेलो. पीपल्स एज्युकेशन सोसायटी बाबासाहेबांनी १९४५ साली काढली आणि १९५० साली या मागास मुलखात महाविद्यालय सुरू केले. पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळाले. प्रश्न विचारणारा राजा मिलिंद आणि उत्तरे देणारे भिक्खू नागसेन, या दोघांच्या नावावर शिक्षणाची जागा! शेजारच्या विद्यापीठाला १४ जानेवारी १९९४ रोजी बाबासाहेबांचे नाव लागले. त्यासाठी किती घरे जळली, किती माणसे गेली, हे आजींनी सांगितले. थोरलीला दोन वर्षांनी कॉलेज धरायचे आहे. ती प्रत्येक इमारतीवरची पाटी वाचत चालली होती. त्या दिवशी खर्च झाला तो फक्त उसाच्या रसाचा.

चौथा रविवार अजिंठ्याचा, सर्वांत लांबचा. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. फर्दापूरच्या फाट्याला उतरावे लागते आणि तिथून पुढचे चार किलोमीटर लेण्यांच्या बसने जातात. सोमवारी अजिंठा बंद असतो. चढण आहे, पण म्हाताऱ्या माणसांसाठी डोलीवाले मिळतात. भाव आधी ठरवून घ्यावा. आजींनी डोली नाकारली. "माणसांच्या खांद्यावर बसून बुद्धाला भेटायला जायचे होय?" म्हणाल्या, आणि काठी टेकत निम्मी लेणी पाहिली. डोलीवालेही कष्टकरीच आहेत, त्यांचेही पोट आहे, ज्याला गरज आहे त्याने जरूर बसावे. पण आजींचे म्हणणे आजींचे.

१८१९ सालच्या एप्रिलमध्ये शिकारीला निघालेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली आणि मग जगाला कळली. सव्विसाव्या लेण्यात तथागतांचे महापरिनिर्वाण आहे, सुमारे सात मीटर लांबीची निजलेली मूर्ती. खाली शोक करणारे शिष्य, वर आकाशात वाद्ये वाजवणारे. आजी तिथून लवकर हलल्याच नाहीत. पहिल्या लेण्यात पद्मपाणीचे जगप्रसिद्ध चित्र आहे. त्याच लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रात नर्तकी आहे आणि तिच्याभोवती बासरी, ढोल वाजवणाऱ्या बाया. आत अंधार असतो, म्हणून दोन मिनिटे नुसते उभे राहावे. डोळे सरावले की भिंत बोलू लागते. मुलांच्या आईने त्या वाजवणाऱ्या बाया सगळ्यांच्या आधी ओळखल्या. "आल्या बघा, आपल्या बुद्ध लेणीवरच्या सहा जणींच्या बहिणी!" सोळा वर्षांत तिला असे पोरीसारखे हसताना आम्ही फार वेळा पाहिले नव्हते.

वाचक भगिनींना आणि विशेषतः बंधूंना आता चार कामाच्या गोष्टी.

डबा असा असावा की जो उन्हात टिकेल. आमच्याकडे धपाटे, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कांदा आणि काकडी होती. दहीभात किंवा नारळाची चटणी नेऊ नये, दुपारपर्यंत आंबते. माणशी किमान दोन लिटर पाणी घ्यावे आणि लिंबू-मीठ-साखर वेगळी बांधून घ्यावी. डोक्याला पांढरा सुती रुमाल बांधावा. कोणाचे डोके ठणकू लागले, मळमळले, अंग तापले की लगेच सावलीत आडवे करून ओल्या फडक्याने अंग पुसावे. बोलणे बरळल्यासारखे झाले किंवा शुद्ध हरपली तर तोंडात पाणी ओतू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डोंगरात मधमाश्यांची पोळी असतात. तिथे धूर करू नये, दगड मारू नये, उग्र वासाचे अत्तर लावून जाऊ नये. परतीची बस किती वाजता आहे हे उतरतानाच विचारून ठेवावे.

लेण्यांत भिंतीला हात लावू नये, चित्रांवर फ्लॅश मारू नये. काही मूर्तींच्या अंगावर प्रेमिकांची नावे कोरलेली पाहून जीव कळवळतो. आपल्या पोरांच्या खिशात खडू-खिळा नाही ना, हे बघणे आपले काम. खाल्लेले कागद पिशवीत भरून परत आणावेत.

आणि सर्वांत महत्त्वाचे, आदल्या रात्री घरातली कामे वाटून घ्यावीत. भाकरी कोण थापणार, पाणी कोण भरणार, परत आल्यावर भांडी कोण घासणार, हे नावानिशी ठरवावे. बुद्ध लेणीवरच्या सहा जणींच्या घरी कोण भाकरी थापत होते ते कोणी कोरून ठेवलेले नाही. पण कोणीतरी थापत असलेच पाहिजे, त्याशिवाय त्या डोंगरावर वाद्ये घेऊन उभ्या राहिल्या नसत्या. आपल्या घरात ते 'कोणीतरी' कोण, याचे उत्तर प्रत्येक बंधूने आपले आपण द्यावे.

सुटीचे अजून काही रविवार उरले आहेत. लांब जमत नसेल तर बुद्ध लेणी जवळ आहे. पहाटे निघा, दहाच्या आत परत या, आणि घरातली बाई बरोबर आहे ना, एवढे दाराला कुलूप लावण्याआधी पाहा.

जयभीम! नमो बुद्धाय!